पोलीस आणि मनोरुग्ण : चाळीस तासांच्या एका अभ्यासक्रमाची कहाणी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गावच्या एस. टी. स्थानकावर मी गाडीची वाट पाहत उभा होतो. फलाटाच्या कडेला पस्तिशीचा एक माणूस कोणाशी तरी मोठमोठ्याने भांडत होता. अंगात एकावर एक दोन सदरे, पायांत काही नाही आणि हातात छत्रीची मोडकी काडी. समोर मात्र कोणीच नव्हते. बघता बघता पन्नासएक माणसे गोळा झाली. कोणी हसले, कोणी खडा मारला, कोणी "याला येरवड्याला पाठवा" म्हणून आपली विनोदबुद्धी पाजळली. शेवटी चौकीवरचा हवालदार आला. त्याने आधी गर्दीला दरडावले, मग त्या माणसाला. "काडी टाक" असे तो तीन वेळा ओरडला आणि माणूस ऐकेना म्हणून त्याने लाठी उगारली. माणूस बिथरून अंगावर धावला. पुढच्या दोन मिनिटांत चौघांनी त्याचे हात पिरगळून त्याला जीपमध्ये घातले. गर्दी पांगली. माझी गाडीही आली.

मला हवालदाराचा फार राग आला होता. संध्याकाळी परत आलो तेव्हा तोच चौकीसमोर उभा दिसला. धीर करून मी म्हणालो, "हवालदारसाहेब, तो माणूस आजारी होता हो. त्याच्यावर लाठी उगारायला नको होती."

तो चिडला नाही. म्हणाला, "अरे बाळा, आजारी आहे एवढं मलाही कळतं. पण मग मी काय करायला पाहिजे होतं, ते तू सांग. तुमच्या कॉलेजात शिकवतात का? मला तर कोणी शिकवलं नाही. आणि इथून दवाखान्यात नेला, तर तिथले म्हणाले, आमच्याकडे वेड्यांचा डॉक्टर नाही. आता त्याला कुठं ठेवू?"

पुढे काय झाले ते त्याने सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही विचारण्याचा धीर झाला नाही. माझा राग मावळला. प्रश्न मात्र राहिला. छिन्नमनस्कतेची लक्षणे मी परीक्षेसाठी पाठ केली होती. पण ती लक्षणे घेऊन एक जिवंत माणूस समोर उभा राहिला, तेव्हा मी त्या पन्नास बघ्यांतलाच एक होतो. पुढे वाचता वाचता कळले, की हवालदाराचा हा प्रश्न अमेरिकेतल्या एका शहराने सुमारे चार दशकांपूर्वी स्वतःला विचारला होता आणि त्याचे उत्तर म्हणून पोलिसांसाठी एक अभ्यासक्रम तयार केला होता. त्या अभ्यासक्रमाचा, त्याच्या यशाचा आणि अपयशाचाही परिचय करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

हे काम पोलिसांकडे का येते?

मनाचा आजार हा डॉक्टरांचा विषय. मग तेथे पोलिसांचे काम काय, असे कोणालाही वाटेल. परंतु घरातला मुलगा मध्यरात्री सुरी घेऊन खोलीत कोंडून बसला, तर आईने कोणाला हाक मारावी? दवाखान्याची वेळ संपलेली असते. शेजारी घाबरून दार लावून घेतात. चोवीस तास जागा असणारा, पैसे न घेणारा आणि बोलावताच यावे लागणारा असा एकच माणूस समाजाने नेमून ठेवलेला आहे, तो म्हणजे पोलीस.

समाजशास्त्रज्ञ एगॉन बिट्नर यांनी एका मोठ्या अमेरिकन शहरातील गस्तीच्या पोलिसांचे निरीक्षण करून १९६७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. मनोरुग्णांना हाताळणे हे आपले खरे काम आहे, असे पोलिसांना वाटत नाही. तरीही ते त्यांना रोज करावे लागते आणि शक्य तोवर रुग्णालयाची वाट न धरता ते आपल्या परीने प्रसंग मिटवतात, असे त्यांना दिसून आले.

अमेरिकेत हे ओझे वाढण्यास आणखी एक कारण घडले. १९५५ मध्ये तेथील सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख रुग्ण होते. पुष्कळांचे सारे आयुष्य त्या भिंतींच्या आतच जाई. १९५० नंतरच्या दशकात नवी औषधे आली, कोंडून ठेवण्याविरुद्ध लोकमत जागे झाले आणि १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी गावोगावी मानसिक आरोग्यकेंद्रे उभारण्याच्या कायद्यावर सही केली. मोठी रुग्णालये रिकामी करावयाची आणि रुग्णांवर त्यांच्या घराजवळ उपचार करावयाचे, अशी ही उदात्त योजना होती. तिचा पहिला भाग पार पडला. १९८० च्या सुमारास रुग्णालयांतील संख्या दीड लाखाच्याही खाली आली. दुसरा भाग मात्र अर्धामुर्धाच राहिला. ठरल्यापेक्षा पुष्कळ कमी केंद्रे उभी राहिली. परिणामी हजारो आजारी माणसे रुग्णालयाबाहेर आली ती रस्त्यावर, आणि रस्ता हा पोलिसांचा प्रांत.

मेम्फिसमधील मृत्यू

२४ सप्टेंबर १९८७. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहर. एका वस्तीत सत्तावीस वर्षांचा एक काळा तरुण सुरीने स्वतःच्याच अंगावर वार करीत होता. तो मनाने आजारी होता. त्याच्या आईने मदतीसाठी पोलिसांना दूरध्वनी केला. पोलीस आले. त्यांनी सुरी खाली टाकण्याचा हुकूम केला. तरुणाने तो मानला नाही. तो पुढे आला, आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तरुण मरण पावला.

पोलीस गोरे होते. ज्या शहरात १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, ते हेच शहर. तेव्हा या मृत्यूने केवढा क्षोभ उसळला असेल, याची कल्पना करता येते. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. त्या पोलिसांनी शिकवले होते तेच केले होते. हाती शस्त्र असलेल्या माणसाला मोठ्या आवाजात हुकूम द्यावा आणि तो अंगावर आल्यास गोळी झाडावी, ही त्यांची तालीम. म्हणजे दोष एका शिपायाच्या स्वभावात शोधून भागणारे नव्हते. तो तालमीतच होता.

महापौर डिक हॅकेट यांनी त्यानंतर सर्व संबंधितांना एकत्र बसवले. पोलीस दल, दोन विद्यापीठे, रुग्णालये आणि विशेष म्हणजे मनोरुग्णांच्या नातेवाइकांची संघटना त्यात होती. पोलीस दलातर्फे सॅम कॉक्रन आणि मानसशास्त्रज्ञ म्हणून रँडॉल्फ ड्यूपाँट यांनी या कामात पुढाकार घेतला. १९८८ मध्ये 'क्रायसिस इंटरव्हेन्शन टीम' या नावाचे पथक सुरू झाले. ज्या आईबापांनी अशी मुले घरात सांभाळली होती, ते आता पोलिसांचे शिक्षक झाले.

चाळीस तासांत काय शिकवतात?

अभ्यासक्रम एका आठवड्याचा, एकूण चाळीस तासांचा. त्यात सक्तीने कोणाला बसवीत नाहीत. गस्तीवरच्या पोलिसांपैकी ज्यांना या कामाची आवड आहे त्यांनी स्वतःहून नाव द्यावयाचे, आणि त्यांतून निवड व्हावयाची. यामागचा विचार साधा आहे. प्रत्येक पोलीस उत्तम नेमबाज होत नाही, तसाच प्रत्येक पोलीस उत्तम ऐकणाराही होत नाही. प्रशिक्षित पोलीस एरवी आपली नेहमीची गस्त घालतो. पण मनोरुग्णासंबंधी निरोप आला की त्यालाच पाठवतात, आणि तेथे पोचल्यावर त्या प्रसंगाची सूत्रे त्याच्या हाती असतात.

पहिल्या भागात डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ आजारांची ओळख करून देतात: छिन्नमनस्कता, उन्माद आणि विषण्णता, व्यसनाने येणारा भ्रम, म्हातारपणचा विसर. औषधे कोणती, त्यांनी हात का थरथरतात, रुग्ण ती मध्येच का सोडतो, हेही सांगतात. पोलिसाने निदान करावे, अशी अपेक्षा नसते. अडखळत चालणारा प्रत्येक माणूस दारू प्यालेला नसतो आणि उत्तर न देणारा प्रत्येक माणूस उद्धट नसतो, एवढे त्याच्या मनात ठसले तरी पुष्कळ झाले.

दुसरा भाग भेटींचा. पोलीस रुग्णालयात आणि वस्तिगृहांत जातात. तेथे आजारातून सावरलेली माणसे आणि त्यांचे नातेवाईक त्यांच्याशी बोलतात. पोलिसाने आजवर मनोरुग्ण पाहिलेला असतो तो आयुष्यातल्या सर्वांत वाईट घटकेला. तोच माणूस चहा पीत, शांतपणे आपली हकिकत सांगताना तो प्रथमच पाहतो. चाळीस तासांतला हा सर्वांत मोलाचा धडा असावा, असे मला वाटते.

अनेक ठिकाणी याच्या जोडीला एक विलक्षण प्रयोग करतात. तरुणपणी स्वतः छिन्नमनस्कतेतून गेलेल्या आणि पुढे मानसशास्त्रज्ञ झालेल्या पॅट डीगन यांनी तो तयार केला. शिकणाऱ्याच्या कानांना ध्वनियंत्र लावतात. त्यातून कुजबुजणारे, हिणवणारे, धमकावणारे आवाज सतत ऐकू येत राहतात. त्याच अवस्थेत त्याला साधी कामे करावयास सांगतात: उतारा वाच, प्रश्नांची उत्तरे दे. थोड्याच वेळात चांगला धट्टाकट्टा माणूस गोंधळतो, चिडतो. समोरच्याचा हुकूम 'ऐकू न येणे' म्हणजे काय, ते त्याला पुस्तकाविना कळते.

तिसरा भाग नाट्यरूप सरावाचा. कोणी रुग्णाची भूमिका करतो, पोलीस त्याच्याशी बोलतो, आणि इतर जण मग त्यातल्या चुका दाखवतात. आपल्या स्नेहसंमेलनाच्या तालमीसारखीच ही तालीम; फक्त येथे चुकलेल्या वाक्याची किंमत पुढे कोणाचा तरी जीव असू शकते.

दरडावणे का फसते?

पोलिसी शिस्तीचे तीन आधार असतात: चढा आवाज, झटपट निर्णय आणि अंगाला भिडणे. चोरापुढे ते चालतात, कारण चोर पोलिसाला ओळखतो आणि परिणामांचा हिशेब करतो. ज्याच्या कानांत आधीच चार आवाज भांडत आहेत, त्याच्यासाठी पोलिसाची आरोळी हा पाचवा आवाज. ज्याला सारे जग आपल्याला मारावयास टपले आहे असे वाटते, त्याच्यापुढे उगारलेली लाठी म्हणजे त्या भीतीचा पुरावाच. तो धावून येतो तो पुष्कळदा हल्ल्यासाठी नव्हे, निसटण्यासाठी.

म्हणून येथे उलटे शिकवतात. बोलणारा एकच असावा. बाकीच्यांनी गप्प राहावे. भोंगा आणि दिवे बंद करावेत. बघे दूर न्यावेत. अंतर राखून, हात दिसतील असे उभे राहावे. मध्ये टेबल, मोटार असा काही आडोसा असल्यास उत्तम, कारण आडोसा असला की पोलिसाला घाई करावी लागत नाही. आधी आपले नाव सांगावे, मग त्याचे विचारावे. वाक्ये लहान, एका वेळी एक. उत्तर यायला वेळ लागतो. तो वेळ द्यावा. अंगाला हात लावण्यापूर्वी सांगावे. खोटे बोलू नये, कारण आज फसवून गाडीत बसवलेला माणूस उद्या कोणावरच विश्वास ठेवणार नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न भासांचा. "माझ्या मागे माणसे लागली आहेत" असे तो म्हणाला, तर काय म्हणावे? "कोणी नाही, वेड्यासारखे बोलू नकोस" म्हटले तर संवाद तुटतो. "होय, मलाही दिसतात" म्हटले तर ते असत्य, शिवाय भीती वाढते. शिकवतात ते असे: "मला ती दिसत नाहीत, पण तुम्हाला फार भीती वाटते आहे, हे मला दिसते. तुम्ही सुरक्षित राहावे म्हणून मी आलो आहे." भासाशी वाद नाही, भासाला होकार नाही, भीतीला मात्र उत्तर आहे.

या साऱ्याचे सार एका शब्दात सांगावयाचे तर तो शब्द म्हणजे वेळ. एरवी प्रसंग लवकर मिटवणारा पोलीस हुशार ठरतो. येथे तो लांबवणारा हुशार ठरतो. अर्थात समोर कोणाच्या जीवावर बेतले असेल, तर वाट पाहता येत नाही, हेही त्यांना शिकवतात. पण तशी वेळ आपण स्वतःच तर आणत नाही ना, हे आधी तपासावयाचे.

अभ्यासक्रमाचा दुसरा अर्धा

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग आपल्याकडेही आठवडाभराचे वर्ग काढले म्हणजे झाले. मेम्फिसचा खरा धडा मात्र याच्या पुढे आहे.

पहिली गोष्ट, तेथे दूरध्वनी घेणाऱ्यांनाही शिकवले. "एक माणूस सुरी घेऊन उभा आहे" एवढाच निरोप गेला तर पोलीस एका तयारीने निघतो. "मुलगा आजारी आहे, औषध सोडले आहे, स्वतःला इजा करतो आहे" असा गेला तर दुसऱ्या. पोलीस दारात पोचण्यापूर्वीच अर्धे काम त्या निरोपाने होते किंवा बिघडते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शहरातल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाने कबूल केले, की पोलिसांनी आणलेल्या कोणत्याही मनोरुग्णाला आम्ही परत पाठवणार नाही. खाट नाही, कागद नाहीत, दारू प्यालेला आहे, असले कोणतेही कारण सांगितले जाणार नाही. आणि पोलिसाला तासन्‌तास ताटकळत न ठेवता लवकर मोकळे केले जाईल. पूर्वी कोठडीत नेणे सोपे आणि रुग्णालयात नेणे अवघड होते. ते उलटे झाले. माणूस बहुधा सोप्या वाटेनेच जातो, पोलीसही माणूसच.

हेन्री स्टेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन शहरांतील मनोरुग्णविषयक प्रसंगांची तुलना केली. बर्मिंगहॅम शहरात शंभरातील १३ प्रसंगी अटक झाली, नॉक्सव्हिलमध्ये ५, तर मेम्फिसमध्ये केवळ २. मेम्फिसमधील तीनचतुर्थांश प्रसंगांत रुग्ण उपचाराच्या ठिकाणी पोचला. या यशाचे मोठे श्रेय अभ्यासकांनी त्या कधीच बंद न होणाऱ्या दाराला दिले. आमच्या हवालदाराच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा, "आता त्याला कुठं ठेवू?" हा, किती मार्मिक होता, ते येथे कळते.

गुण आला का?

मेम्फिसचे अनुकरण पुढे अमेरिकेत दोन हजारांहून अधिक ठिकाणी झाले. इतर देशांतही पोचले. जॉर्जिया राज्यातील सहा पोलीस दलांतील ५८६ जणांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रशिक्षितांची माहिती, दृष्टी आणि प्रसंग शमवण्याचे कौशल्य इतरांपेक्षा सरस होते, असे तीत आढळले. एवढे जमेच्या बाजूला.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०१९ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेण्यात आला. पोलिसांचे समाधान आणि आत्मविश्वास वाढतो. परंतु बळाचा वापर, इजा किंवा मृत्यू यांत घट झाल्याचा भक्कम पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्राने २०१५ पासून पोलिसांच्या गोळीबारात मरण पावलेल्यांची नोंद ठेवली. त्या मृतांत दर पाचांमागे सुमारे एक जण मानसिक आजाराची लक्षणे असलेला होता.

खुद्द मेम्फिसचे काय झाले? अमेरिकेच्या न्याय खात्याने तेथील पोलीस दलाची चौकशी करून ४ डिसेंबर २०२४ रोजी अहवाल दिला. मानसिक आजार असलेल्यांना हे शहर व त्याचे पोलीस भेदभावाने वागवतात, असे त्यात म्हटले होते. पुढे सरकार बदलल्यावर मे २०२५ मध्ये खात्याने ते निष्कर्ष मागे घेतले. पण अहवालातील प्रसंग वाचणाऱ्याचे समाधान तेवढ्याने होत नाही. ज्या गावी हे शिक्षण जन्मले, त्याच गावी ही अवस्था! याचा अर्थ शिक्षण खोटे, असा मी घेत नाही. बिल्ला लावता येतो, चाळीस तास भरता येतात. पण दलाची एकूण रीत रांगडी राहिली, तर आठवड्याचे शिक्षण वर्षभरात विरते, असा घेतो.

काही गावांनी निराळाच विचार केला: प्रत्येक ठिकाणी पोलीस कशाला हवा? ऑरिगन राज्यातील यूजीन शहरात १९८९ पासून एक परिचारक आणि एक समुपदेशक अशी जोडी, हाती शस्त्र न घेता, गाडीतून अशा हाकेला जात असे. तीन दशकांहून अधिक काळ ती सेवा नावाजली गेली, आणि एप्रिल २०२५ मध्ये पैशाअभावी त्या शहरात बंद पडली. चांगल्या योजना बहुधा अशाच जातात. त्या चुकीच्या ठरल्या म्हणून नव्हे, तर त्यांचा खर्च कोणी उचलला नाही म्हणून.

आपला कायदा काय म्हणतो?

हे सारे दूरदेशीचे झाले. आपल्याकडे काय आहे, हे पाहू गेल्यावर मला आश्चर्याचा धक्का बसला. कारण कागदावर आपण मागे नाही.

१९१२ च्या ब्रिटिशकालीन कायद्यात 'भटकणारा वेडा' हा पोलिसांनी पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभा करावयाचा माणूस होता. ज्या वर्षी मेम्फिसमध्ये तो तरुण मेला त्याच १९८७ साली आपण नवा कायदा केला. तो १९९३ मध्ये अमलात आला. त्यातही वाट मॅजिस्ट्रेटकडेच जात होती. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला, आणि त्याने वाट बदलली. त्याचे कलम १०० सांगते, की मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा किंवा स्वतःला अथवा इतरांना धोका असलेला माणूस आढळल्यास त्याला संरक्षणाखाली घेणे हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. शब्द 'अटक' नव्हे, 'संरक्षण'. कारण त्याला किंवा त्याच्या नियुक्त प्रतिनिधीला सांगावयाचे. शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांत, जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी न्यावयाचे. कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवावयाचे नाही. तो बेघर असेल, तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावयाचा.

येथे 'जवळची सरकारी आरोग्यसंस्था' हे शब्द नीट वाचावेत. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. "आमच्याकडे तो डॉक्टर नाही, तिकडे न्या" असे जवळच्या दवाखान्याने म्हटले, तर गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या हवालदाराने एका रुग्णामागे किती गावे ओलांडावीत? कायद्याला ते अभिप्रेत नाही. पोलिसाने जवळच्या दारी आणावे आणि तपासणीची व्यवस्था तेथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने करावी, अशी त्याची वाटणी आहे. मेम्फिसच्या रुग्णालयाने जे आपखुशीने कबूल केले, त्याचे बीज आपल्या कायद्यात आधीच आहे.

आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याविषयीही असाच बदल झाला. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ३०९ नुसार तो गुन्हेगार होता. विहिरीतून काढलेल्या माणसावर आधी गुन्हा दाखल होई. २०१७ च्या कायद्याने, तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरले नाही. सरकारी नोकराला कर्तव्यापासून अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे.

आणि त्या हवालदाराच्या पहिल्या प्रश्नाचे काय? त्याच कायद्याचे कलम ३० सांगते, की पोलिसांसह सरकारी अधिकाऱ्यांना या विषयाचे ठरावीक काळाने प्रशिक्षण द्यावे. म्हणजे "मला तर कोणी शिकवलं नाही" असे तो म्हणाला, तेव्हा तो तक्रार करीत नव्हता. कायद्याने त्याला देऊ केलेली एक गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली नव्हती, एवढेच तो सांगत होता.

आपले काम

आपण पोलीस नाही, डॉक्टर नाही, तेव्हा आपला यात काय संबंध, असे म्हणून हा लेख मिटता येईल. पण त्या दिवशी स्थानकावर हवालदार येण्यापूर्वी दहा मिनिटे तेथे पन्नास माणसे होती, आणि त्या माणसाला बिथरवण्याचे निम्मे काम आम्हीच करून ठेवले होते. गर्दी करू नये, हसू नये, दुसऱ्याला खडा मारू देऊ नये, एवढ्याला चाळीस तास लागत नाहीत. ११२ क्रमांकावर मदत मागताना "एक वेडा धिंगाणा घालतोय" असे न सांगता "एक माणूस आजारी दिसतो, घाबरलेला आहे, हातात अमुक आहे, कोणाला इजा केलेली नाही" असे सांगावे. घरातच असा प्रसंग असेल आणि काय करावे ते सुचत नसेल, तर केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो, आणि तो मराठीतही मिळतो.

मानसशास्त्र व समाजशास्त्र विभागांना माझी एक विनंती आहे. पुढील वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस गावातील पोलीस, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आणि अशा रुग्णांचे आईबाप यांना एकत्र बसवावे. मेम्फिसमध्ये आरंभ तेवढ्यानेच झाला होता. फक्त त्याआधी एका तरुणाला मरावे लागले. आपण तोवर थांबू नये.

त्या हवालदाराला मी आता उत्तर देऊ शकेन, निदान अर्धे. आवाज खाली, लाठी खाली, आधी नाव सांगा, आणि वेळ द्या. उरलेले अर्धे उत्तर दवाखान्याच्या दारात आहे. ते त्याने एकट्याने शोधावयाचे नाही.